रिट्रॅक्टेबल लीश: गोव्यातल्या रस्त्यांवर घ्यावी का?

पुण्याहून_पर्वरी
घरी दोन वर्षांची बीगल कुत्री आहे, नाव चटणी. वजन बारा किलोच्या आसपास, नाक कायम जमिनीला, कान फक्त शोभेला. पुण्यात सोसायटीच्या आवारात फिरवायचो तेव्हा साधा पाच फुटी पट्टा पुरत होता. पर्वरीला आल्यापासून बाईसाहेबांना वासांचा खजिना सापडलाय. मुंगूस काय, मोर काय, मासळीवाली जिथे टोपली टेकते तो कोपरा काय. नवरा म्हणतो पाच मीटरची रिट्रॅक्टेबल लीश (हँडलमधून लांब होणारा आणि आपोआप आत गुंडाळला जाणारा पट्टा) घेऊ, तिलाही मोकळं वाटेल आणि आपले खांदेही वाचतील. मला त्या बारीक दोरीची धास्ती वाटते. शिवाय आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही, एका बाजूला चिऱ्यांचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला भाड्याच्या स्कूटरवरचे पाहुणे. गोव्यात राहून वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा. दुकानदाराचं मत घेऊन झालंय. तो म्हणतो, "सगळे हीच नेतात."

रिकामटेकडा_बार्देस
सगळे हीच नेतात आणि सहा महिन्यांनी "फक्त दोनदा वापरलेली" म्हणून विकायला काढतात. येऊ द्या प्रतिसाद, मी चहा ठेवतो.

म्हापशेकरीण
रस्त्यावर अजिबात नको. आमच्या वाड्यावरची गोष्ट सांगते. पहाटेची वेळ, दिवे गेलेले. शेजारच्यांचा स्पिट्झ रस्त्याच्या या कडेला खांबाशी पाय वर करून उभा, शेजारी त्या कडेला मोबाईलमध्ये. मधे गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली काळी दोरी, ती कुणाच्या बापाला दिसणार? पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला आपला पों पों करत. सायकल दोरीत अडकून आडवी झाली, टोपली उलटली आणि उंडे, काकणं सगळे पाव गटारात. पोदेराला लागलं नाही ते नशीब. तो उठला, सायकल उभी केली आणि एक शब्द न बोलता शेजाऱ्यांच्या तोंडासमोर हॉर्न वाजवत राहिला, पैसे हातात पडेपर्यंत.

त्या जागी स्कूटरवाला असता तर?

दोनापावला_धावक
मी वापरतो, बरीच वर्षं, आणि मला आवडते. पण मी फिरवतो कुठे ते आधी सांगतो. सकाळी साडेसहाच्या आत मिरामारला, ओहोटी असेल तर विचारूच नका, वाळू कितीही रुंद. माझी लॅब म्हातारी आहे, पळत नाही. चार पावलं पुढे जाते, काहीतरी हुंगते, उभी राहते. तिच्यामागे आखूड पट्टा घेऊन मी पण थांबायचं आणि चालायचं, म्हणजे माझं फिरणं झालंच नाही. पाच मीटरमध्ये ती तिच्या गतीने, मी माझ्या. घरापासून किनाऱ्यापर्यंत मात्र ब्रेक लॉक करून मीटरभरच सोडतो.

दोष लीशचा नाही, रस्त्यावर ती लॉक न करणाऱ्याचा आहे.

म्हापशेकरीण
@दोनापावला_धावक, म्हातारी शहाणी लॅब आणि दोन वर्षांची बीगल यांत फरक आहे हो काका.

दोनापावला_धावक
काका? बरं.

साखळीचा_मशीनवाला
लॉक करणाऱ्यांसाठी आत काय असतं ते सांगतो, कारण मी एक उघडून पाहिली आहे (तिचं पुढे जे व्हायचं ते झालं, विषय सोडा).

आत एक चाक, त्यावर दोरी किंवा टेप (चपटी पट्टी) गुंडाळलेली. चाकाच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळी केलेली स्प्रिंग. कुत्रं पुढे गेलं की चाक फिरतं आणि स्प्रिंग आवळते, कुत्रं जवळ आलं की ती सुटते आणि दोरी परत गुंडाळते. चाकाच्या कडेला दाते असतात. बटण दाबलं की एक खिटी त्या दातांत बसते, हाच ब्रेक. आता यातल्या तीन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही.

पहिली: चाक जोरात फिरत असताना बटण दाबलं तर खिटी दातांवरून टकटक घसरत जाऊ शकते. स्वस्त मालात दाते प्लास्टिकचे, ते झिजतात. म्हणजे ज्या क्षणी ब्रेक हवा नेमका त्याच क्षणी त्याचा भरवसा सगळ्यात कमी.

दुसरी: स्प्रिंग फक्त ढिली दोरी गोळा करते, कुत्र्याला मागे ओढत नाही. जवळ आणायचं तर हात पुढे न्यायचा, बटण दाबायचं, दाबूनच हात मागे घ्यायचा, मग बटण सोडून हात परत पुढे, तेवढी दोरी आत जाते. असं करत करत आणायचं. घरी सोफ्याला बांधून सराव करा. समोरून बैल आल्यावर शिकता येत नाही.

तिसरी: पूर्ण पळून टोकाला पोचल्यावरचा झटका. बारा किलोचं कुत्रं ताशी १८ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला ५ मीटरने पळत असेल तर त्याच्यात १५० ज्यूल ऊर्जा असते. १५ किलोची तांदळाची गोणी मीटरभर उंचीवरून पडली तर साधारण तेवढीच. ती सगळी एका क्षणात एका बाजूला गळ्यात आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या मनगटात मुरते. वेग दुप्पट झाला तर चौपट. दोन मीटरच्या पट्ट्यावर कुत्र्याला एवढा वेग घ्यायला जागाच मिळत नाही.

रिकामटेकडा_बार्देस
मास्तर, आमच्या वेळी तुम्ही शिकवायला असता तर भौतिकशास्त्रात पास झालो असतो.

गुरांचा_डॉक्टर
वरचं गणित आम्हाला टेबलावर दिसतं. पग, पॉमेरिअन असल्या छोट्या जातींत श्वासनलिका मुळात नाजूक असते, गळपट्ट्यावर झटके बसून खोकला मागे लागतो, हंसासारखा कर्कश. म्हणून माझा नियम साधा आहे. रिट्रॅक्टेबल लावायचीच असेल तर छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला, गळपट्ट्याला कधीच नाही.

माणसांच्या जखमा माझ्याकडे येत नाहीत, पण कुत्र्याबरोबर येणारे मालक हात दाखवतातच. सुटलेली दोरी उघड्या हाताने पकडली की तळव्यावर भाजल्याचा पट्टा उठतो. बर्म्युडा घालून फिरणाऱ्यांच्या गुडघ्यामागे तसाच. बोटाला दोरीचा वेढा बसला आणि त्याच वेळी कुत्र्याने उडी घेतली तर बोट तुटण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, अशा घटना इतर देशांत नोंदलेल्या आहेत. अमेरिकेत २००८ मध्ये अशा लीशचे सुमारे २ लाख २३ हजार नग बाजारातून परत मागवले होते. धातूची कडी तुटून दोरीबरोबर उलटी मालकाच्या तोंडावर येत होती.

तेव्हा पातळ दोरीवाली नको, पूर्ण टेपची घ्या. आणि पाकिटावरचा वजनगट वाचा. बारा किलोच्या कुत्र्याला "१२ किलोपर्यंत" लिहिलेली घेऊ नका, वरचा गट घ्या.

चवथीची_माटोळी
आमच्याकडे वेगळंच झालं. नरकासुराच्या रात्री भावाच्या हातातून हँडल निसटलं. ते प्लास्टिकचं धूड रस्त्यावर आपटलं आणि स्प्रिंगने सरसरत थेट टायगरच्या मागे. टायगरला वाटलं राक्षस आपल्यालाच धरायला आलाय. तो जितका पळे तितकं ते खडखड करत मागे. तीन वाडे ओलांडून देवळाच्या मागे सापडला, हँडल तुळशीवृंदावनात अडकलेलं. नंतर बरेच दिवस पट्टा काढला की हा खाटेखाली.

साधी दोरी हातातून सुटली तर नुसती घसटते, तिचा आवाज होत नाही. हा मुद्दा कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं. हँडलला मनगटाचा फासा लावा म्हणणारे येतील, तर मग वरच्या १५० ज्यूलचा हिशोब खांद्याला द्यायचा.

पुण्याहून_पर्वरी
बाप रे. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय, तो फक्त @दोनापावला_धावक यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचतोय.

मला मुख्य काळजी रस्त्यावरच्या कुत्र्यांची. आमच्या वळणावर पाच-सहा जणांची टोळी आहे. ती धावून आली तर लांब लीशचा उपयोग होतो की तोटा?

खाजनकाठचा
तोटा. टोळी आली की कुत्रं तुमच्या गुडघ्याशी हवं, पाच मीटरवर नको. लांब सोडलेलं कुत्रं घाबरून गोल फिरतं, मग तुमचे पाय, त्याचे पाय आणि गावच्या दोन सुण्यांचे पाय एकाच दोरीत. त्यात ताणलेल्या दोरीवरचं कुत्रं छाती पुढे काढून उभं दिसतं, समोरच्याला ते आव्हान वाटतं. ओळखीची गावठी कुत्री असतील तर सैल आखूड पट्ट्यावर, नजर न भिडवता, थोडा वळसा घेऊन पुढे जा. पळायचं नाही. त्या टोळीला कोण खायला घालतं ते शोधून काढा आणि तिच्याशी ओळख करा, निम्मं काम तिथेच होतं.

गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लसी दिल्या गेल्यात. मिशन रेबीज या संस्थेची माणसं २०१४ पासून जाळी घेऊन गावोगाव फिरतात, टोचलेल्याच्या अंगावर रंगाची खूण करून सोडतात. तरी चावलं तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि सरळ दवाखाना. "आमच्या वाड्यावरचंच आहे" म्हणून बसायचं नाही.

मांद्र्याची_जाई
सगळे रस्त्याबद्दल बोलताहेत, मी किनाऱ्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे पट्टाच न लावणारे जास्त. मोरजी, मांद्रे, तिकडे दक्षिणेत आगोंद, गालजीबाग इथे थंडीपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं घरट्याभोवती कुंपण घालतात, पण मोकळं कुत्रं वाळू उकरायला लागलं की कुंपण किती पुरणार? अंड्यांतून पिल्लं यायला दीडेक महिना तरी लागतो, तेवढा काळ तो खड्डा त्याच जागी वास मारत असतो. बीगलला तर आमंत्रणच.

म्हणून माझ्याकडून रिट्रॅक्टेबलला अर्धं मत. "किनाऱ्यावर मोकळं सोडू की पट्टा लावू" असा प्रश्न असेल तर निदान ही लावा. पळायची हौसही भागते आणि धरूनही राहतं.

दोनापावला_धावक
धन्यवाद जाईताई. एकटा पडलो होतो.

तांबडी_माती
वाळूत वापरणाऱ्यांनी तिचं पुढचं आयुष्यही सांगावं. ओली टेप वाळूसकट आत गेली की आत कागद घासल्यासारखा आवाज सुरू होतो. खारं पाणी, वाळू, वर आपला पावसाळा. जूनमध्ये भिजलेली टेप तशीच गुंडाळून कपाटात ठेवली तर ऑगस्टमध्ये हँडलमधून बुरशीचा वास येतो आणि बटण अर्ध्यावर अडकतं. घरी आल्यावर पूर्ण बाहेर ओढायची, लॉक करायची, गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायची, दोन खिळ्यांवर सुकत टाकायची आणि मगच आत जाऊ द्यायची, तीही हातातल्या फडक्यातून हळूहळू. टेपच्या कडा उसवल्यात का तेही तेव्हाच दिसतं. एवढं कोण करतं? मी नाही करत. म्हणून माझ्याकडे साधी दोरी आहे, ती बादलीत बुचकळली की झालं.

दोनापावला_धावक
मी करतो. निवृत्त आहे.

कायदेकानू
पोदेराच्या किश्श्यावरून: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच २८९ होतं. "पट्टा लावलेला होता" हे पुरेसं उत्तर नाही, पाच मीटर लांब कुत्रं ताब्यात होतं का, हा प्रश्न येणारच.

रिकामटेकडा_बार्देस
कायदा आला म्हणजे धागा शंभरी गाठणार. आता फक्त मगर यायची राहिली.

खाजनकाठचा
आणतो. आमच्या बाजूला कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, बोटीतून लोक बघायला येतात. बांधावरून फिरताना कुत्र्याला पाच मीटर सोडणारा एक गृहस्थ मी पाहिलाय, कुत्रं पार पाण्याच्या कडेला उतरलेलं. हे विनोदाने लिहिलेलं नाही. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधांवर आखूड पट्टा, एवढंच.

डिचोलीचा_भाटकार
मगर सोडा, घोणस बघा. काजूच्या बागेत पालापाचोळा असतो. पाच मीटर पुढे कुत्रं झुडपात नाक घालून उभं, तुम्हाला दिसते फक्त शेपूट. आत काय आहे ते त्याला कळतं, तुम्हाला नाही. आमचा रॉकी असाच तोंडावर दंश घेऊन आला, डॉक्टर वेळेत मिळाला म्हणून वाचला. तेव्हापासून बागेत आखूड पट्टा आणि माझ्या हातात काठी, आधी काठी जाते मग कुत्रं.

सुशेगाद_मुंबईकर
सगळे जण घाबरवताहेत. माझ्या मते खरा तोटा वेगळाच आहे. या लीशवर दोरीला कायम थोडा ताण असतो, ढिली अशी ती राहतच नाही. कुत्रं काय शिकतं? ओढलं की पुढे जायला मिळतं. मग साध्या पट्ट्यावर आलं तरी तेच करतं. आधी साध्या पट्ट्यावर न ओढता चालायला शिकवा, मग हवी ती लीश घ्या. इथे उलटं होतं, शिकवायचा कंटाळा म्हणून पाच मीटर विकत घेतात.

म्हापशेकरीण
+१. आमच्या शेजाऱ्यांना छापून देते.

पुण्याहून_पर्वरी
@सुशेगाद_मुंबईकर, पटतंय, पण बीगलला शिकवून बघा एकदा. खाऊ हातात असेपर्यंत ती आज्ञाधारक, वास लागला की अनोळखी.

सुशेगाद_मुंबईकर
वास लागला की ती तशी वागणारच, तिच्या पूर्वजांना सशामागे धावायलाच तयार केलं होतं. म्हणूनच तिला हुंगायला भरपूर वेळ द्या, पण लांबीने नाही. दोन मीटरचा पट्टा आणि तुम्ही उभं राहायचं. फिरणं म्हणजे किलोमीटर मोजणं नव्हे. हुंगून हुंगून बीगल चालण्यापेक्षा जास्त दमते, घरी येऊन पसरते.

साखळीचा_मशीनवाला
अवांतर: ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी डेलनी या बाईंनी असल्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आज जिचं नाव या वस्तूलाच चिकटलंय ती फ्लेक्सी कंपनी जर्मनीत १९७३ मध्ये निघाली. न्यूयॉर्क काय, जर्मनी काय, दोन्हीकडे फुटपाथ आहेत. पर्वरीला नाहीत.

चवथीची_माटोळी
शेवटच्या वाक्यासाठी पंचायतीला हा धागा पाठवा.

तांबडी_माती
मूळ प्रश्नावर: मोकळ्या जागेसाठी दहा मीटरची साधी लांब दोरी का नको? कपडे वाळत घालायची नव्हे, चपटी नायलॉनची पट्टी, एका टोकाला मजबूत कडी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोरीवाले मीटरवर कापून देतात, कडी हार्डवेअरमध्ये, टाके चप्पल शिवणाऱ्याकडून. बिघडायला आत काहीच नाही. हार्नेसला लावायची, हातमोजे घालायचे.

दोनापावला_धावक
ती जमिनीवर लोळते. शेणातून, चिखलातून, मेलेल्या माशांतून. मग तीच तुम्ही हातात गुंडाळता. रिट्रॅक्टेबल जमिनीला टेकत नाही, हा तिचा मोठा गुण कुणी लिहिला नाही. आणि लांब दोरीही पायांत गुंततेच, बोटालाही वेढा बसतो. हातमोजे घालून मिरामारला फिरणाऱ्याला लोक चोर समजतील.

तांबडी_माती
शेणाचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

गुरांचा_डॉक्टर
दोघांचंही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत. एक राहिलं: दुसरं कुत्रं, लहान मूल किंवा सायकल दिसली की कुठलीही लांब लीश आधी आखूड करा, मग नमस्कार-चमत्कार. आणि हे काम दहा वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

पुण्याहून_पर्वरी
ठरलं. रस्त्यावर दोन मीटरचा साधा पट्टा आणि हार्नेस. रविवारी किनाऱ्यावर नवऱ्याच्या हौसेखातर टेपवाली पाच मीटर, २५ किलोच्या गटातली. ती पुसून वाळवायचं खातं त्याच्याकडे. त्याने @तांबडी_माती यांचा प्रतिसाद वाचला आणि विचारलं, "रोज?"

रिकामटेकडा_बार्देस
दोन महिन्यांनी विकायला काढाल तेव्हा मला आधी सांगा. मेव्हण्याला भेट द्यायची आहे.

दोनापावला_धावक
ओहोटीचं वेळापत्रक बघून या, भरतीला मिरामारची रुंदी कमी होते. आमची म्हातारी असेल तिथे, हुंगू देत दोघींना, फक्त आधी दोन्ही लॉक.